धुळाभाऊंचं मत्राह

आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी नागपूरची मुलगी परवा जिना उतरून खाली आली. म्हणाली, "काका, तुम्ही मस्कतला होतात ना? आम्ही चौघी मैत्रिणी चाललोय. ते जुनं बंदर आहे ना, मत्राह, ते चालत फिरायचंय. कुठून सुरुवात करू?" हिंजवडीच्या कंपन्यांतली अशी मुलं राहायला यायला लागल्यापासून घोटावड्यात आमच्यासारख्यांनी घरांवर मजले चढवले. त्या भाडेकरूंशी माझं बोलणं एरवी पाण्याच्या टाकीपलीकडे जात नाही. पण मत्राह म्हटल्यावर मी खुर्चीत सरसावून बसलो.

"मासळीबाजारापासून सुरू कर," मी म्हणालो. "समुद्र डाव्या हाताला ठेव. पांढऱ्या घरांच्या लाकडी सज्ज्यांखाली सावली असते, तिथून चाल. जुन्या बाजाराच्या दारातून आत शिरलीस की डाव्या हाताला लोबानवाला. तिथे धूर असतो, थांबू नकोस. पुढे तीन पायऱ्या लागतील. तिसरी झिजलीय. तिच्यावर आधी डावा पाय टाक, उजव्या गुडघ्यावर भार येऊ देऊ नकोस."

मुलगी हसली. "काका, माझे गुडघे ठीक आहेत हो!"

मीही हसलो. हे बोलणं माझं नव्हतंच. ते धुळाभाऊंचं होतं, आणि तो गुडघा त्यांच्या बायकोचा, भागीवहिनींचा होता.

धुळाभाऊ मालेचे. पौडच्या पुढे मुळशीच्या रस्त्याला माले लागतं. त्यांचं घर मात्र गावात नव्हतं. वर टेकाडाच्या पोटाशी धनगरांची चार घरं आहेत, त्यातलं एक. शेळ्या-मेंढ्या, भाताची दोन खाचरं आणि उरलेल्या दिवसांत मिळेल ती मजुरी. चरायची रानं कमी होत गेली, तसा कळपही कमी झाला, आणि एक दिवस धुळाभाऊ कुणाच्या तरी ओळखीने मस्कतला आले. रस्त्याकडेच्या झाडांना पाणी घालणारी कंपनी होती. मी तिथे टाइमकीपर होतो. पहिल्या दिवशी नोंद करताना मी विचारलं, "आधी काय काम करत होता?"

"चालत हुतो," ते म्हणाले.

मला वाटलं, माणूस चेष्टा करतोय. नंतर कळलं की चेष्टा त्यांना फारशी जमत नसे.

उंच, सडपातळ, उजवा खांदा डाव्यापेक्षा जरासा वर. काठीवर रेलून उभं राहण्यात आयुष्य गेलेलं. मस्कतला काठी आणता येईना, म्हणून त्यांनी काळी छत्री आणली होती, मालेच्या पावसात वापरलेली, एक काडी तुटलेली. त्या कोरड्या मुलखात हा माणूस सदानकदा छत्री घेऊन हिंडे, आणि आमच्या कामगारांच्या कॅम्पातल्या पोरांना आयताच विषय मिळे. "काका, आज पाऊस येणार वाटतं!" मी एकदा समजावायला गेलो, तर म्हणाले, "छत्री पावसाला न्हाई रमेशराव. हाताला काय तरी लागतं." आणि गंमत म्हणजे ती त्यांनी कडक उन्हातसुद्धा कधी उघडली नाही.

शुक्रवारी सुट्टी. सुट्टीला बाकीची माणसं कपडे धूत, मटण शिजवत, झोपत. धुळाभाऊ चहा घेतला की छत्री उचलून मस्कतच्याच रुवी भागातल्या कॅम्पावरून मत्राहला चालत निघत. बस होती, टॅक्सी होती. त्यांना दोन्ही नको. "गाडीतनं गाव दिसतं, कळत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पहिल्यांदा मी त्यांच्याबरोबर गेलो तो निव्वळ कंटाळा आला म्हणून. पुढे नऊ वर्षं जात राहिलो.

रस्ता विचारणं त्यांना कमीपणाचं वाटे. एकदा त्या बाजाराच्या आतल्या गल्ल्यांत आम्ही पार हरवलो. वर छप्पर, त्यामुळे सूर्य दिसेना. दोन्ही बाजूंना चांदीची, कापडाची, अत्तराची दुकानं, सगळी सारखीच. माझ्या मोबाईलवरचा नकाशा नुसता गोल फिरत बसला. धुळाभाऊंनी माझ्या हातातली पाण्याची बाटली घेतली आणि खुशाल जमिनीवर थोडं पाणी ओतलं. दुकानदार ओरडायला लागला. धुळाभाऊ वाकून तो ओघळ कुठे जातोय ते बघत होते. "चला," म्हणाले. "पानी खाली चाललंय. खाली समिंदर." पाच मिनिटांत आम्ही समुद्रावर. मी वळून त्या दुकानदाराची माफी मागायला गेलो, तोवर हे समोर भिंतीवर बसून गार वारा खात होते.

त्यांच्या चालण्याला एक हेतू होता, तो मला कळायला वर्ष लागलं. धनगरांची रीत अशी, की कळप हलवायच्या आधी एक माणूस एकटा पुढे जातो. पाणी कुठे आहे, कुठे बसता येईल, कुठली वाट तुटलीय, कुठला मालक हाकलतो, हे सगळं बघून येतो. फाटा आला की जायच्या अंगाला दगडावर दगड ठेवतो. मागून बायका बिऱ्हाड घेऊन येतात, त्या दगड बघून वळतात. धुळाभाऊंचं हे काम होतं. आणि मत्राहमध्ये ते तेच करत होते. भागीवहिनींना तिथे आणायचं होतं, एकदा, पंधरा दिवसांसाठी. लग्न झाल्यापासून ती बाई यांच्या मागून, यांनी ठेवलेले दगड बघत बघत चालली होती. समुद्र तिने पाहिलेला नव्हता.

म्हणून त्यांच्या खिशात कायम वाटाण्यापेक्षा जरा मोठे खडे असत. गल्ली वळली की कडेला खड्यावर खडा. सकाळी तिथला झाडूवाला ते झाडून टाकी. पुढच्या शुक्रवारी हे पुन्हा ठेवत. एकदा दोघांची गाठ पडली. झाडूवाला बांगलादेशी, यांचं हिंदी असं. "भाई, ये मत उचलो. ये मेरी बायको का हाय." तो बिचारा हातातला झाडू टाकून इकडे तिकडे यांची बायको शोधायला लागला. मी हसून बेजार. पण मग धुळाभाऊंनी त्याला काय सांगितलं कोण जाणे, पुढच्या खेपेला एका कोपऱ्यातले खडे जागच्या जागी होते. त्यांच्याभोवती गोल झाडलेलं होतं.

समुद्राच्या रस्त्याच्या मागे उघडे बोडके डोंगर आहेत. त्यातून एक जुनी पायवाट जाते, ती त्यांनी पहिल्याच वर्षी शोधली. तिथे एक म्हातारा ओमानी माणूस चार शेळ्या घेऊन बसलेला असे. एक शेळी लंगडत होती. धुळाभाऊ काही न विचारता खाली बसले, शेळीचा पाय गुडघ्यात धरला, करगोट्याला बांधलेला चिमटा काढला आणि खुरातला काटा उपसला. म्हाताऱ्याने खजूर पुढे केले, कडू कॉफी दिली. दोघांना एकमेकांची भाषा ओ की ठो कळत नव्हती आणि अर्धा तास बोलत होते. उठताना धुळाभाऊ मला म्हणाले, "त्येला इचारा, बाईमानूस आलं तर तुज्या घरी पानी मिळंल का. आन् घटकाभर टेकाय." मी मोडक्यातोडक्या अरबीत विचारलं. म्हातारा म्हणाला, हे घर तिचंच आहे असं तिला सांग. मी ते मराठीत सांगितलं, तेव्हा धुळाभाऊंनी मान दुसरीकडे वळवली आणि बराच वेळ शेळ्यांकडे बघत राहिले.

दर शुक्रवारी दुपारी समुद्राकाठच्या भिंतीवर बसून ते वहिनींना फोन लावत. घरची चौकशी दोन वाक्यांत आटपे. मग त्या दिवशी चाललेली वाट सांगायला सुरुवात. "हां, आता डाव्या हाताला निळं दार. दिसलं? त्येच्या म्होरं बाकडं हाय, तितं बस. बसलीस? लाकडाचं हाय, तापत न्हाई." पलीकडून हुंकार येई. मी शेजारी बसून मनात म्हणायचो, काय हा वेडेपणा! त्या बाईला स्वयंपाक असेल, शेळ्या असतील, आणि हा तिला बाकड्यावर बसवतोय.

वहिनींचा पासपोर्ट झाला. मी म्हणालो, "भाऊ, अर्ज भरू? माझी खोली घ्या पंधरा दिवस, मी कॅम्पात झोपतो." ते म्हणाले, "थांबा जरा. त्यो वरचा रस्ता ऊन उतरल्यावर कसा लागतो, त्ये बगाय पायजे." पुढच्या वर्षी, "रमजानात बाजार कवा उघडतो त्ये म्हाईत न्हाई." त्याच्या पुढच्या वर्षी वहिनींचा गुडघा दुखायला लागला, तेव्हा सगळी पाहणी पहिल्यापासून. कुठे किती पायऱ्या, कुठे कठडा आहे, कुठे नाही. मी एकदा चिडलो. "भाऊ, कळप नाही यायचाय. एक बाई यायचीय!"

"कळपाचं सोपं अस्तं," ते शांतपणे म्हणाले. "कळप चाऱ्याकडं बगून चालतो. ही माज्या भरवशावर येनार हाय."



एका सुट्टीत मी त्यांनी दिलेले खजूर आणि एक शाल घेऊन मालेला गेलो. भागीवहिनी ठेंगण्या, काटक, बोलायला फटकळ. चहा हातात देता देताच म्हणाल्या, "भावजी, बाजाराच्या दारातनं आत गेलं की लोबानवाला कुटल्या हाताला?"

"उजव्या," मी म्हणालो.

"न्हाई. डाव्या. तुमी तितं राहून बगत न्हाई का काय?"

मी परत गेल्यावर पाहिलं. डाव्याच हाताला होता.

चहा झाल्यावर त्या मला घरामागच्या टेकाडावर घेऊन गेल्या. घरात फोनला रेंज नव्हती, म्हणून शुक्रवारी दुपारी त्यांना तिथे चढून यावं लागे. वर दोन उंच दगड उभे केलेले होते. "हे बाजाराचं दार," त्या म्हणाल्या. मला आधी कळेना. मग त्या चालायला लागल्या. करवंदीच्या जाळीपाशी वळून, "हितं लोबानवाला." एका चपट्या दगडापाशी, "हे निळं दार, हे बाकडं." वळणावळणाला दगडावर दगड. पुढे चढावर तीन दगड पायऱ्यांसारखे बसवलेले, तिसरा एका अंगाला कललेला. मुद्दाम कलता बसवला होता. त्याच्याही पुढे एका झाडाखाली मडकं आणि शेजारी बसायला दोन दगड. "हे त्या शेळीवाल्या बाबाचं घर." आणि तिथून खाली बघितलं तर मुळशी धरणाचं पाणी लांबवर पसरलेलं. "आन् त्यो समिंदर," वहिनी म्हणाल्या आणि स्वतःच तोंडाला पदर लावून हसल्या.

ते फोनवर सांगत होते आणि ही बाई कानाला फोन लावून ते मत्राह चालत होती. प्रत्येक शुक्रवारी, सात वर्षं.

"भाऊंना माहितीय?" मी विचारलं.

"न्हाई! त्ये सुट्टीला यायच्या आदी म्या समदं मोडते, गेले की परत मांडते. आन् तुमी सांगायचं न्हाई. शपत हाय." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "जलमभर त्यांच्या मागनं चालले, भावजी. तितं गेल्यावर मी म्होरं व्हनार हाय. त्यांनी नुस्तं मागनं यायचं. बगू तरी कसं त्वांड हुतंय त्यांचं!"

मी शब्द दिला. आणि पाळला. आयुष्यात इतके शब्द दिले आणि मोडले, हा एकच काय तो पाळला, आणि तोच पाळायला नको होता. दोन-तीनदा माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. हे सावल्या मोजत बसलेले दिसले की वाटे, सांगून टाकावं: अहो भाऊ, तिला पाठ आहे सगळं, तुमच्यापेक्षा जास्त पाठ आहे, आणा तिला. पण ते गुपित मला गोड वाटत होतं. मला त्यांचं तोंड कसं होतं ते बघायचं होतं. एवढ्या क्षुल्लक हौसेपायी मी गप्प बसलो, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तापाचं निमित्त झालं. चौथ्या दिवशी पौडहून पुण्याला नेताना वाटेतच वहिनी गेल्या. त्यांच्या मुलीचा फोन मला आला तेव्हा धुळाभाऊ झाडांना पाणी घालत होते. मी सांगितलं. त्यांनी आधी नळी बंद केली, ती नीट गुंडाळून ठेवली आणि मग खाली बसले. विमानाचं होईपर्यंत दीड दिवस गेला. ते मालेला पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं.

दीड महिन्याने मी सुट्टी काढून गेलो. ते ओट्यावर बसले होते, छत्री मांडीवर आडवी. मुलगी म्हणाली, "आबा कुटंच जात न्हाईत. परड्यात सुदिक न्हाई." टेकाडावर जायचं तरी कशाला? तिकडे रेंज मिळते, पण फोन कुणाला करायचा!

त्यांनी मला शेजारी बसायला खूण केली. मग म्हणाले, "एक कोपरा ऱ्हायला हुता, रमेशराव. बाजाराच्या मागला. तितं पायरी हाय का न्हाई, तेवडं बगायचं हुतं. म्या म्हनलं, त्ये झालं की आनू." आणि थोड्या वेळाने, "लई उशीर केला म्या."

मी त्यांना सगळं सांगितलं. दगड, मडकं, शपथ. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी हा खेळ त्यांच्याशी का खेळतोय हे त्यांना कळत नव्हतं. मग उठले.

पावसाळ्यानंतरचं गवत कमरेएवढं झालं होतं. त्यांनी छत्रीने ते बाजूला सारलं आणि ते दोन उभे दगड दिसले. मी सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हाताने गप्प केलं. "दार," ते म्हणाले. मग छत्रीच्या टोकाने पुढचं गवत सारलं. दगडावर दगड. त्याच्या पुढे पुन्हा दगडावर दगड. ज्याने जन्मभर मागच्यांसाठी दगड ठेवले, त्याच्यासाठी कुणीतरी ठेवलेले दगड तो पहिल्यांदाच बघत होता.

"चला भाऊ, आत जाऊ," मी म्हणालो.

ते दारापाशी एका अंगाला सरून उभे राहिले. "थांबा," म्हणाले. "तिला म्होरं हू द्या."

मी बाजूला झालो. त्यांनी जरा वेळ जाऊ दिला आणि मग चालायला लागले. मी इतकी वर्षं त्यांच्याबरोबर चाललो होतो, त्यांच्या पावलाला पाऊल मिळवताना मला धाप लागायची. तो माणूस आता एक-एक पाऊल थांबून टाकत होता, दुखऱ्या गुडघ्याच्या माणसामागून चालावं तसं. लोबानवाल्यापाशी थांबले नाहीत. निळ्या दारापुढच्या बाकड्यापाशी थांबले, पण बसले नाहीत, नुसते उभे राहिले. पुढे चढापाशी मात्र ते रडायला लागले, आणि मला ते बघवेना. मी म्हणालो, मी खाली घरात थांबतो. त्यांना ते ऐकू गेलं की नाही, माहीत नाही.

त्याच सुट्टीनंतर मी परत गेलो, आणि पुढच्या वर्षी मी तिकडे असतानाच धुळाभाऊ गेले. दर शुक्रवारी दुपारी टेकाडावर जात, असं त्यांच्या मुलीने सांगितलं. मला त्यांचं शेवटचं दर्शन झालं ते त्या दिवशीचंच.

उतरताना अर्ध्या वाटेत मी मागे वळून पाहिलं. ते त्या तीन दगडांच्या खाली उभे होते. छत्री काखेत धरलेली, एक हात थोडा पुढे. तिसऱ्या पायरीवरून पुढचं माणूस चढून जाईपर्यंत ते थांबले होते.